दोष नसताना तुटलेली वाहिनी

३० जुलै २०१२ रोजी रात्री २ वाजून ३३ मिनिटांनी मध्य प्रदेशातील बीना आणि ग्वाल्हेर यांना जोडणारी ४०० किलोव्होल्टची वाहिनी तुटली आणि दिल्लीसह सारा उत्तर मुलूख अंधारात गेला. दुसऱ्याच दिवशी दुपारी तीच वाहिनी पुन्हा तुटून उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तीन ग्रिड कोसळली आणि सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशाचा वीजपुरवठा खंडित झाला. या अनर्थात मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट ही की, त्या रात्री वाहिनीवर दोष म्हणून काहीच नव्हता. तिला तोडले ते तिच्याच रक्षणार्थ नेमलेल्या रिलेने.

हा अंतरमापक रिले विद्युतदाबाला प्रवाहाने भागून बिघाड किती दूर आहे ते ताडतो. भागाकार लहान, तर बिघाड जवळ. त्याच्या अंमलाखालील तिसरा टापू, ज्याला ‘झोन तीन’ म्हणतात, पुढच्या वाहिनीचा रिले कर्तव्यास चुकल्यास मागून आधार मिळावा म्हणून मुद्दाम दूरवर पसरलेला असतो. त्या रात्री जोडीची दुसरी वाहिनी सुधारणेसाठी बंद होती आणि उत्तरेकडील राज्ये ठरल्याहून अधिक वीज ओढत होती; प्रवाह वाढला, दाब उतरला, भागाकार झोन तीनच्या सरहद्दीत शिरला, आणि निव्वळ भारालाच रिलेने बिघाड मानले.

दाब सावरणारी साधनेही अशा प्रसंगी पुरी पडत नाहीत. कपॅसिटरचे साहाय्य दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे दाब १० टक्के उतरला की साहाय्य १९ टक्के कमी होते. आणि ट्रान्सफॉर्मरचे स्वयंचलित टॅप ग्राहकाकडील दाब निष्ठेने पूर्ववत करीत राहिल्याने मागणी कायम राहून वरच्या वाहिनीवरील प्रवाह आणखी चढतो. दाब राखणारी यंत्रणाच अशा रीतीने रिलेला चुकीच्या निर्णयाकडे लोटू शकते.

म्हणून दाबनियमनाचे दप्तर एकीकडे आणि संरक्षणाचे दुसरीकडे, ही विभागणी मला घातक वाटते. रिलेची हद्द आखताना उतरलेल्या दाबातील महत्तम भार हिशेबात धरावा, टॅप केव्हा रोखावेत याचा हुकूम आधीच ठरावा, आणि भार त्या हद्दीला भिडण्यापूर्वीच काही फीडर आपोआप बंद होतील अशी तजवीज असावी.

पश्चिम ग्रिड त्या दोन्ही दिवशी तगले व महाराष्ट्र वाचला, तरी दुसऱ्या दिवशी उत्तरेची मागणी एकाएकी तुटताच इथली वारंवारता ५१ हर्ट्झच्या वर गेली होती. दक्षिण ग्रिड तेव्हा स्वतंत्र स्पंदनाने चाले. ३१ डिसेंबर २०१३ रोजी ७६५ किलोव्होल्टच्या सोलापूर–रायचूर वाहिनीने तेही उर्वरित देशाशी जोडले गेले, आणि तेव्हापासून सोलापूरच्या उपकेंद्रातील रिलेची हद्द आखणे ही एकट्या महाराष्ट्राची बाब राहिलेली नाही.