क्रिकेट ०७ नव्या लॅपटॉपवर चालेना? आयपीएलचा पॅच टाकण्याआधी हे वाचून घ्या

वैभव सूर्यवंशीचा जन्म मार्च २०११ चा. ईए स्पोर्ट्सचा 'क्रिकेट ०७' हा गेम बाजारात आला नोव्हेंबर २००६ मध्ये. तरीही हा पोरगा आज त्याच गेममध्ये राजस्थान रॉयल्सच्या गुलाबी जर्सीत सलामीला उतरतो, आणि कॉमेंट्रीला असतात रिची बेनो. बेनो २०१५ मध्येच गेले.

ही करामत कंपनीची नाही. 'क्रिकेट ०७'नंतर ईएने पीसीसाठी क्रिकेटचा नवा गेम काढलाच नाही. २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली, तेव्हा हा गेम साधारण दीड वर्षाचा होता. मग गावोगावच्या हौशी पोरांनी त्यात टीम, जर्सी, स्टेडियम आणि स्कोअरबोर्ड स्वतःच घालायला सुरुवात केली. जगात याला मॉडिंग म्हणतात, आपल्याकडे 'पॅच टाकणं'. धरणगाव, एरंडोल, अमळनेरकडे अजूनही घरात एकच लॅपटॉप असतो आणि त्यात महागडं ग्राफिक्स कार्ड नसतं. अशा मशीनवर नवे क्रिकेट गेम रडतखडत चालतात, 'क्रिकेट ०७' मात्र पळतो. अडचण येते ती विंडोज १० किंवा ११ असलेल्या मशीनवर. तेव्हा नेहमी विचारले जाणारे प्रश्न एकेक करून पाहू.

डबल क्लिक केलं, काहीच झालं नाही

आधी लॅपटॉप 'एस मोड'मध्ये नाही ना ते पाहा. स्वस्तातल्या काही लॅपटॉपवर विंडोज या मोडमध्ये येतं आणि त्यात फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली ॲप्स चालतात. सेटिंग्जमधून हा मोड फुकट बंद करता येतो, पण एकदा बंद केला की परत चालू करता येत नाही.

दुसरी शंका डिस्कवर घ्यायची. त्या काळातल्या बऱ्याच गेमच्या डिस्कवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. ते उघडायला विंडोजमध्ये एक ड्रायव्हर लागे. त्यात सुरक्षेची भोकं सापडल्यामुळे विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टने तो काढून टाकला. त्यामुळे दुकानातून पावतीसह घेतलेली अस्सल डिस्कही नव्या मशीनवर मुकी बसू शकते. पैसे मोजलेल्याची अडचण आणि चोरून घेतलेल्याची मजा, असा हा उलटा न्याय आहे.

या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर गेमच्या एक्सई फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा. तिथे कम्पॅटिबिलिटीमध्ये 'विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक ३' निवडा. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील तर डिस्प्ले सेटिंग्जमधल्या ग्राफिक्स विभागात गेमला 'हाय परफॉर्मन्स' द्या. खेळाडू आडवे फुगलेले दिसले तर घाबरू नका. गेम त्या वेळच्या चौकोनी मॉनिटरसाठी केलेला आहे, तुमचा पडदा रुंद आहे.

कालपर्यंत चालत होता, विंडोज अपडेटनंतर बिघडला

दोष प्रत्येक वेळी अपडेटचाच असतो असं नाही. याचं सगळ्यात झकास उदाहरण क्रिकेटबाहेरचं आहे. विंडोज ११ चं २४एच२ हे अपडेट २०२४ च्या शेवटी आलं आणि 'जीटीए सॅन अँड्रियास'मधलं स्किमर हे पाण्यावर उतरणारं विमान गायब झालं. कोड वापरून ते आणलंच, तर खेळाडू आभाळात कल्पनेपलीकडच्या उंचीवर फेकला जायचा. सगळ्यांनी मायक्रोसॉफ्टला शिव्या घातल्या.

या गेमसाठी 'सायलेंटपॅच' नावाचा दुरुस्ती पॅच तयार करणाऱ्या प्रोग्रॅमरने २०२५ मध्ये मूळ शोधलं. गेममध्ये सगळ्या वाहनांची माहिती एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे. आधीच्या 'व्हाइस सिटी'त स्किमरची नोंद बोट म्हणून होती, आणि बोटीला चाकाचं माप लागत नाही. सॅन अँड्रियासमध्ये त्याचं विमान केलं, पण चाकाच्या मापाचे आकडे लिहायचे राहून गेले. गेम ती ओळ वाचताना मेमरीत आधीच्या वाहनाचे जे आकडे उरलेले असत, तेच वापरून वेळ मारून नेत होता. वीस वर्षं हे खपलं. नव्या विंडोजने मेमरीची तीच जागा दुसऱ्या कामाला घेतली आणि उरलेले आकडे पुसले गेले. चूक २००४ ची होती, उघडी पडली २०२४ मध्ये.

म्हणून अपडेटनंतर जुना गेम बिघडला की विंडोज मागे नेऊ नका, अपडेट कायमचं बंद तर अजिबात करू नका. त्या गेमसाठी दुरुस्ती पॅच निघालाय का ते आधी शोधा.

पॅच टाकला, पण टीम जुन्याच दिसतात

सगळ्यात जास्त डोकं इथेच पिकतं, आणि कारण बहुतेक वेळा साधं असतं.

पॅच म्हणजे काही नवा गेम नाही. ती फायलींची अदलाबदल असते. जर्सी, चेहरे, स्टेडियम ही चित्रं ईएच्या '.बिग' नावाच्या गाठोड्यांत बांधलेली असतात, पॅच ती गाठोडी बदलतो. टीममध्ये कोण आहे, कोणाची बॅटिंग किती, ही यादी म्हणजे रोस्टर. ती वेगळी फाइल असते आणि गेमच्या फोल्डरमध्ये नाही, तर डॉक्युमेंट्समध्ये गेमच्या नावाचं जे फोल्डर असतं तिथे जाते. अनेक जण सगळं एकाच ठिकाणी पेस्ट करतात. मग जर्सी चेन्नईची दिसते आणि आत खेळाडू २००६ चे.

रोस्टर बरोबर जागी टाकूनही दिसत नसेल तर वनड्राइव्ह पाहा. नव्या विंडोजमध्ये वनड्राइव्हचा बॅकअप चालू असला की डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हच्या आत सरकतं. तुम्ही एका डॉक्युमेंट्समध्ये फाइल टाकता, गेम दुसऱ्यात शोधतो. शिवाय फाइल टाकून भागत नाही, गेमच्या मेनूतून रोस्टर लोडही करावा लागतो.

तिसरा घोळ 'प्रोग्रॅम फाइल्स'चा. विस्टापासून विंडोज या फोल्डरमध्ये जुन्या प्रोग्रॅमला थेट लिहू देत नाही. प्रोग्रॅमने लिहिलेलं गुपचूप 'व्हर्च्युअलस्टोअर' या दुसऱ्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवतं. तुम्ही मूळ जागी फाइल बदलता आणि गेम व्हर्च्युअलस्टोअरमधली जुनी प्रत वाचत बसतो. उपाय एकच: गेम सी ड्राइव्हवर 'गेम्स' असं स्वतःचं फोल्डर करून तिथे इन्स्टॉल करा.

आणि पॅच टाकण्याआधी कोऱ्या गेमचं अख्खं फोल्डर कॉपी करून ठेवा. पेनड्राइव्हवर आरामात मावतं. २०२४ च्या पॅचवर २०२५ चा टाकला की कुठली फाइल कोणाची हे पॅच बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. प्रत्येक नवा पॅच कोऱ्या प्रतीवरच टाकायचा.

अपेक्षाही बेताची ठेवा. चित्रं आणि नावं बदलतात, खेळाचे नियम आत कोडमध्ये पक्के बसलेले आहेत. आयपीएलमध्ये २०२३ पासून असलेला इम्पॅक्ट प्लेअर इथे जर्सी बदलून येणार नाही. बेनो सूर्यवंशीचं नावही घेणार नाहीत, ते कोणी रेकॉर्डच केलेलं नाही.

अँटिव्हायरस बंद करा म्हणतात. करू का?

नाही. व्हिडिओत सांगितलेली ही पायरी लोक डोळे झाकून करतात. काही वेळा अँटिव्हायरस उगाच ओरडतो हे खरं आहे, पण तो कधी उगाच ओरडला आणि कधी खरंच, हे व्हिडिओवाल्याला तुमच्या लॅपटॉपबद्दल सांगता येत नाही. आपल्याकडे त्याच लॅपटॉपवर बहिणीचा सीईटीचा फॉर्म असतो, महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीचा लॉगिन असतो, बापाचे केळी पीकविम्याचे कागद आणि ब्राउझरमध्ये सेव्ह केलेला बँकेचा पासवर्ड असतो. पासवर्ड चोरणाऱ्या व्हायरसला एवढं पुरतं.

जर्सी आणि रोस्टरच्या पॅचला एक्सई चालवायची गरज बहुधा नसते, फायली नुसत्या पेस्ट करायच्या असतात. इन्स्टॉलर चालवा म्हटलं की सावध व्हा. फोल्डरच्या व्ह्यूमध्ये फाइलची एक्स्टेन्शन दिसू द्या, म्हणजे 'आयपीएल पॅच डॉट आरएआर'च्या मागे लपलेलं 'डॉट एक्सई' दिसेल. व्हायरसटोटल या साइटवर फाइल अनेक अँटिव्हायरसकडून एकदम तपासता येते, मात्र ६५० एमबीपर्यंतचीच. आणि झिपला पासवर्ड लावलेला असेल, तर तो कशासाठी असा प्रश्न विचारा. पासवर्ड असलेल्या झिपच्या आत अँटिव्हायरसला डोकावता येत नाही.

मोबाइलवर चालेल का?

ईएने 'क्रिकेट ०७' अँड्रॉइडसाठी कधीच काढला नाही. 'क्रिकेट ०७ एपीके' नावाने जे फिरतं ते कंपनीचं नाही. इन्स्टॉल करताना त्याने एसएमएस वाचायची परवानगी मागितली तर तिथेच थांबा, कारण क्रिकेट खेळायला तुमचा ओटीपी लागत नाही. प्लेस्टेशन २ चा इम्युलेटर वापरून तो गेम फोनवर चालवणारे आहेत. त्याला दमदार प्रोसेसर लागतो आणि प्लेस्टेशनची बायोस फाइलही. ती नेटवरून उतरवणं म्हणजे सोनीचा कॉपीराइट मोडणं.

हे सगळं कायदेशीर आहे का?

गेम जुना झाला, दुकानात मिळत नाही, स्टीमवर नाही, म्हणून तो फुकट होत नाही. कॉपीराइट कायम आहे. तुमच्याकडे अस्सल डिस्क असेल तर हरवण्या-फुटण्यापासून बचावासाठी एक बॅकअप प्रत करायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ परवानगी देतं. सॉफ्टवेअरची प्रत बेकायदा आहे हे माहीत असून ती वापरली तर कलम ६३ब लागू होतं: सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद माफ करून ५० हजारांपर्यंत दंड करू शकतं. पेनड्राइव्हवर पैसे घेऊन गेम भरून देणाऱ्या दुकानदाराला ही सवलत मिळत नाही. जुन्या सामानाच्या दुकानात अस्सल डिस्क अजून अधूनमधून दिसते. सेफडिस्कचं कुलूप असलं तरी विंडोज एक्सपीचा एखादा जुना डेस्कटॉप घरात धूळ खात पडलेला असेल, तर ती तिथे लावून पाहा. फक्त त्या मशीनला इंटरनेट जोडू नका. एक्सपीला मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ पासून सुरक्षा अपडेट देणं बंद केलं आहे.