कन्सोल सर्व्हर: सिरियल पोर्टची दुरून जोडणी

कन्सोल सर्व्हर म्हणजे काय?
एका बाजूला नेटवर्क, दुसऱ्या बाजूला अनेक सिरियल पोर्ट असलेली पेटी. राउटर किंवा स्विचचं स्वतःचं नेटवर्क बंद पडलं तरी त्याच्या कन्सोलपर्यंत पोचता येतं.

• आरएस-२३२: सिरियल जोडणीचं मानक, १९६०. केबलची रूढ मर्यादा १५ मीटर. म्हणून पेटी उपकरणांजवळच.

• जुळवणी: वेग, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल. बहुतेक सिस्को उपकरणांचा मूळ वेग ९६००. वेग चुकला की पडद्यावर अगम्य चिन्हं. काहीच उमटलं नाही तर आधी केबल पाहावी: आरजे-४५ सॉकेट सारखंच दिसतं, पिनांची मांडणी मात्र कंपनीगणिक वेगळी.

• रिव्हर्स टेलनेट: प्रत्येक सिरियल पोर्टला वेगळा टीसीपी पोर्ट. कन्सोल सर्व्हर म्हणून वापरलेल्या सिस्को राउटरवर २००० अधिक लाइन (सिरियल पोर्ट) क्रमांक. लाइन ५ म्हणजे २००५.

• टेलनेट की एसएसएच: टेलनेट (पोर्ट २३) पासवर्ड उघडाच पाठवतं. एसएसएच (पोर्ट २२, १९९५पासून) तो कूटबद्ध करतं.

• आरएफसी २२१७ (टेलनेटला जोड देणारं मानक, १९९७): सिरियल पोर्टचा वेग, पॅरिटी दुरूनही बदलण्याची सोय.

• ब्रेक संकेत (सिरियल लाइनवरचा खास इशारा): जुने सन सर्व्हर हा मिळताच चालू काम थांबवत. काही कन्सोल सर्व्हर नुसते बंद केले तरी तो जाई!