मँगनीजच्या वाटेनं उकवा

बालाघाट म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना बीड-धाराशिवकडची डोंगररांग आठवते. हा तो बालाघाट नव्हे. हा मध्य प्रदेशातला जिल्हा, गोंदिया-भंडाऱ्याला खेटून असलेला. फारसीत 'बाला' म्हणजे वर. घाटाच्या वरचा मुलूख तो बालाघाट. गंमत म्हणजे हे नाव आधी जिल्ह्याला मिळालं. मुख्य गावाला तेव्हा बुऱ्हा म्हणत, आणि ते गाव घाटावर नाहीच, खाली वैनगंगेच्या काठी आहे. नावाला जागणारा बालाघाट पाहायचा तर बैहरच्या रस्त्यानं वर चढावं लागतं. त्या रस्त्यावर चाळीसेक किलोमीटरवर उकवा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं नागपूरहून निघालो. सिवनीच्या रुंद हायवेचा मोह टाळला आणि मनसर, रामटेक, तुमसर, गोबरवाही, कटंगी, वारासिवनी अशी वाट धरली. यात वेळ जास्त जातो, पण या वाटेला एक धागा आहे. नागपूर, भंडारा आणि बालाघाट या तीन जिल्ह्यांतून जमिनीखाली मँगनीजचा कमानीसारखा पट्टा गेला आहे. मनसर, कांद्री, चिखला, डोंगरी बुजुर्ग, तिरोडी, भरवेली आणि शेवटी उकवा, या सगळ्या त्याच पट्ट्यावरच्या खाणी. फर्मर नावाच्या भूशास्त्रज्ञानं १९०९ साली भारतातल्या मँगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यात इथल्या एका खडकाला त्यानं गोंड लोकांवरून 'गोंडाइट' नाव दिलं. तिरोडीच्या नावाचंही एक खनिज आहे, तिरोडाइट. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं असतं तर भूगोलात चार मार्क जास्त पडले असते.

खाणी सुरू केल्या इंग्रज कंपनीनं. १८९६ साली तिची सुरुवात झाली. १९६२ मध्ये भारत सरकार भागीदार झालं आणि १९७७ मध्ये कंपनी पूर्णपणे सरकारी झाली. तीच आजची मॉइल, मुख्य कार्यालय नागपुरात. पोलाद कणखर करायला मँगनीज लागतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

माझे आजेसासरे १९५१ साली उकव्याच्या खाणीत कारकून म्हणून लागले. तेव्हा नागपूर आणि बालाघाट एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. क्वार्टर तेच, साहेब तेच, पगार नागपूरच्या हिशेबानं; राज्य मात्र बदललं. बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची शाळा हिंदी झाली. आजही ते पाढे हिंदीत म्हणतात आणि भांडतात मराठीत.

बालाघाटच्या अलीकडे वैनगंगा ओलांडली. गावाबाहेर भरवेली लागली. आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून तिचं नाव घेतात. पुढे गांगुलपाऱ्याचा तलाव आणि धबधबा. नोव्हेंबरात धबधब्याची धार बारीक झालेली, पण पाण्यावर धुकं होतं आणि आम्हा दोघांखेरीज तिथे कुणी नव्हतं. तिथून घाट सुरू होतो. खाली साग आणि बांबू, वर गेलं की साल. इथले लोक त्याला सरई म्हणतात. महाराष्ट्रात हे झाड फारसं दिसत नाही, त्यामुळे जंगल बदलल्याचं आपल्याही लक्षात येतं. सावली अधिक गर्द, पान मोठं आणि चकाकतं. समोरून खनिजाचे ट्रक येत राहतात. उकव्याला रेल्वे नाही, माल याच रस्त्यानं खाली उतरतो.

मी खिडकीतून फोटो काढत होते. नवरा मात्र गप्प होता, आणि त्याचं कारण मला ठाऊक होतं. १९६१ च्या पावसाळ्यात बाबांची धाकटी बहीण तापानं फणफणली. वय तीन. रात्री तिला जीपमधून बालाघाटला न्यायला निघाले, तर घाटात झाड आडवं पडलेलं. कुऱ्हाडी येईपर्यंत पहाट झाली. ती बालाघाटला पोचली नाही. आमच्या घरात तिचा एकही फोटो नाही. तिच्या नावानं चैत्रात एक वाटी पन्हं बाजूला ठेवतात, एवढंच. बाबांना घाट सुंदर वाटतो का, असं कुणी त्यांना विचारत नाही.

खरे अरुंद रस्ते उकव्याच्या आजूबाजूला, खेड्यांकडे जाणारे. ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याची रुंदी साधारण पावणेचार मीटर. आमची छोटी गाडी पावणेदोन मीटर. म्हणजे समोरून तशीच दुसरी आली तरी हिशेबानं जेमतेम मावते, पण समोरून आला धानाच्या पेंढ्यानं भरलेला ट्रॅक्टर. मी खाली उतरून हातवारे करत राहिले, नवऱ्यानं शंभरेक मीटर गाडी मागे घेतली. ट्रॅक्टरवाल्या दादानं जाताना हसून हात वर केला. चढावर मात्र चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नुसता शिष्टाचार नाही, वाहतुकीचा नियमच आहे.

उकव्यात चहा घेतला. टपरीवालीची बोली अजब होती. क्रियापद हिंदी, शब्द मराठी, हेल पोवारी. तिला म्हटलं, रस्ते किती छान आहेत तुमचे, गर्दी नाही, धूर नाही. ती म्हणाली, दीदी, तुम्हाला दोन दिवस छान. माझ्या सुनेला दिवस भरलेत, मी रोज रात्री घाटाकडे बघून झोपते.

त्यानंतर मी फोटो काढले नाहीत असं नाही. काढले. पण माझं मत बनलं ते असं: बैहर-बालाघाट हा मुख्य रस्ता रुंद आणि पक्का हवाच, त्यात झाडांचं कारण पुढे करू नये. आतले खेड्यांचे रस्ते अरुंद राहिले तरी चालेल, पण दर काही अंतरावर दोन गाड्या ओलांडतील एवढी जागा हवी. गवे, बिबटे, हरणं याच जंगलातून ये-जा करतात; रात्री वेग कमी ठेवला तर त्यांचंही निभेल. नवऱ्याला हे पटत नाही. तो म्हणतो, एकदा रुंद झाला की वेग कुणी कमी ठेवत नाही. हा वाद अजून मिटलेला नाही.

अंधार पडायच्या आत खाली उतरलो. इथल्या जुन्या लोकांची ती सवयच आहे. डिसेंबर १९९९ मध्ये राज्याचे परिवहन मंत्री लिखीराम कावरे यांची नक्षलवाद्यांनी याच जिल्ह्यात हत्या केली होती. त्या काळात संध्याकाळनंतर कुणी गाडी काढत नसे.

रात्री बालाघाटहून बाबांना फोन केला. जुनं क्वार्टर, शाळा, खाणीचा भोंगा, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. एवढंच विचारलं, "उकव्याहून खाली यायला किती वेळ लागला?" नवरा म्हणाला, "सव्वा तास, बाबा." पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "बरं. जेवून घ्या."

जाणाऱ्यांसाठी थोडं: नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. उकव्यापुढे बैहर आणि त्यापुढे कान्हाचं मुक्की गेट. पावसाळ्यात ते बंद असतं. पेट्रोल बालाघाटलाच भरा, रोख पैसे जवळ ठेवा, जंगलात फोनला रेंज जाते. बालाघाटचा चिन्नोर तांदूळ जरूर आणा, २०२१ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. वास असा की कुकरची शिट्टी होण्याआधी शेजारी विचारतात. आम्ही पाच किलो आणला होता, बाबांनी त्यातला निम्मा ठेवून घेतला.