संशोधनाचा शासकीय निधी : नव्या व्यवस्थेची ओळख

हुबळी-धारवाड हे जोडशहर विद्येचे केंद्र म्हणून सुपरिचित आहे. हुबळीच्या विद्यानगर भागात १९४७ साली स्थापन झालेले बी. व्ही. भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय आज के. एल. ई. तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या रूपाने कार्यरत आहे. धारवाड येथे कर्नाटक विद्यापीठ व कृषिविज्ञान विद्यापीठ ही राज्याची विद्यापीठे असून २०१६ पासून केंद्र शासनाची भारतीय तंत्रज्ञान संस्थाही आहे. केंद्रीय, राज्यस्तरीय व खाजगी अशा तिन्ही प्रकारच्या संस्था येथे शेजारी शेजारी असल्यामुळे, शासन संशोधनाला निधी कसा देते आणि त्या पद्धतीत कोणते बदल होत आहेत, हे समजून घेण्यास हा परिसर सोयीचा आहे.

धारवाडचा कापूस

धारवाडच्या कृषी संशोधन केंद्रातून १९७२ साली डॉ. बी. एच. कटारकी यांनी 'वरलक्ष्मी' हा संकरित कापूस दिला. त्यापूर्वी १९७० साली सुरत येथे डॉ. सी. टी. पटेल यांनी तयार केलेला 'एच-४' हा एकाच जातीतील दोन वाणांचा संकर होता. वरलक्ष्मी मात्र हिर्सुटम व बार्बाडेन्स या दोन भिन्न जातींचा संकर होय. त्यामुळे अतिशय लांब व तलम धाग्याचा कापूस देशातच पिकू लागला आणि अशा कापसाच्या आयातीवरील भिस्त कमी झाली. पुढे १९८१ साली 'डीसीएच-३२' अर्थात 'जयलक्ष्मी' हे वाण आले.

या बियाण्याचे उत्पादन हाताने करावे लागते. उमलण्याच्या आदल्या सायंकाळी मादी वाणाच्या कळीतील पुंकेसर काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे पराग तिच्यावर लावतात. योग्य जोडी सापडेपर्यंत असे प्रयोग हंगामामागून हंगाम करावे लागतात. त्यांपैकी बहुतेक निष्फळ ठरतात, परंतु मजुरी, खत व पाणी यांचा खर्च प्रत्येकाला येतो. असा दीर्घ मुदतीचा खर्च सार्वजनिक निधीनेच पेलला.

अडचण कोठे आहे?

अनुदानाची सर्वसाधारण रीत अशी असते : संशोधक प्रस्ताव पाठवितो, तज्ज्ञ त्याची छाननी करतात व मंजुरीनंतर रक्कम हप्त्याहप्त्याने मिळते. मागील खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढील हप्ता मिळत नाही. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि खरिपाची पेरणी जूनमध्ये. जूनचा हप्ता सप्टेंबरमध्ये आला, तर कागदोपत्री विलंब तीन महिन्यांचा दिसतो, परंतु प्रयोगाचे संपूर्ण वर्ष वाया जाते. म्हणून निधीची रक्कम जितकी महत्त्वाची, तितकीच ती हाती पडण्याची वेळही महत्त्वाची आहे.

रक्कमही अपुरीच आहे. २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधन व विकासावरील एकूण खर्च सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. त्यात खाजगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्के होता. वाटपातही विषमता होती. विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाच्या निधीपैकी सुमारे ६५ टक्के भाग भारतीय तंत्रज्ञान संस्थांना, तर अवघा ११ टक्के राज्य विद्यापीठांना मिळत असल्याचे २०२३ साली केंद्रीय विज्ञान राज्यमंत्री जितेंद्र सिंह यांनी सांगितले होते.

बदल कोणते?

२०२३ च्या कायद्यान्वये 'अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान' स्थापन झाले व उपरोक्त मंडळ त्यात विलीन झाले. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांसाठी ५० हजार कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठरले असून त्यांपैकी १४ हजार कोटी केंद्र शासनाने द्यावयाचे व उर्वरित ३६ हजार कोटी उद्योग, देणगीदार आदी मार्गांनी उभारावयाचे आहेत. प्रतिष्ठानच्या एका योजनेत संशोधनात पुढारलेली संस्था केंद्रस्थानी राहून राज्य विद्यापीठांसारख्या संस्थांना आपल्याशी जोडून घेते. त्यामुळे त्यांना उपकरणे व अनुभवी मार्गदर्शन यांचा लाभ होऊ शकतो.

जून २०२५ मध्ये वैज्ञानिक साहित्याच्या खरेदीचे नियमही शिथिल झाले. दरपत्रकाविना थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख रुपयांवर आणि खरेदी समितीमार्फत करावयाच्या खरेदीची मर्यादा दहा लाखांवरून पंचवीस लाखांवर नेण्यात आली. त्याच वर्षी जुलैमध्ये एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास व नवोन्मेष योजनेस मान्यता मिळाली. तिचा भर मुख्यतः उद्योगांना अल्प व्याजाने अथवा बिनव्याजी दीर्घ मुदतीचे कर्ज देण्यावर आहे. कर्ज परत फेडावे लागते, अनुदान फेडावे लागत नाही. ज्या मूलभूत संशोधनातून लगेच विक्रीयोग्य वस्तू निघत नाही, त्यास अनुदानाचीच आवश्यकता राहील.

तपासणीचे महत्त्व

कार्यपद्धती सुलभ करणे म्हणजे तपासणी सोडणे नव्हे. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था व धारवाडचे कृषिविज्ञान विद्यापीठ यांच्या सहभागाने विकसित झालेले 'बीकानेरी नरमा' हे बीटी वाण २००९ साली शेतकऱ्यांपर्यंत पोचले. परंतु त्यात खाजगी कंपनीच्या जनुकाचा अंश आढळल्याने त्याचे वितरण थांबवावे लागले. पावत्या पाहण्यात दाखविलेली दक्षता बियाण्याच्या शुद्धतेची परीक्षा करतानाही दाखविणे अगत्याचे आहे.

या व्यवस्थेत प्रत्येकाला वाटा उचलता येईल. अधिकाऱ्यांनी हप्त्याचा हंगामाशी मेळ घालावा व प्रमाणपत्रांची छाननी मुदतीत पूर्ण करावी. शिक्षकांनी लहान, परंतु नेमक्या प्रश्नांवर प्रस्ताव तयार करावेत आणि विद्यार्थ्यांना निरीक्षणाच्या नोंदी ठेवण्याची सवय लावावी. शेतकऱ्यांनी आपल्या शिवारातील अडचणी कृषी विज्ञान केंद्राकडे मांडाव्यात व तेथील चाचण्यांचे निष्कर्ष मागून घ्यावेत. हा निधी जनतेच्या करातून उभा राहतो. तेव्हा तो कोणत्या प्रश्नावर खर्च व्हावा, हे सांगण्याचा अधिकार ग्रामस्थांनाही आहे.