चट्टा नाही, तरी कुष्ठरोग

30 जानेवारीला यंदाही गावोगाव कुष्ठरोगविरोधी ‘स्पर्श’ मोहिमेच्या शपथा झाल्या. फिकट, बधिर चट्टा दिसला तर लगेच दाखवा, हे आशाताई घरोघरी सांगत आहेत. ते हवंच. पण काहींच्या अंगावर चट्टा उठतच नाही. करंगळी वाकडी होऊ लागते, तव्याचा चटका बसलेला कळत नाही आणि कातडी मात्र स्वच्छ. जंतू नसांमध्येच दबा धरून असतो, त्यामुळे त्वचेच्या तपासणीत काही सापडत नाही. मग मधुमेह, मणका, बी-12 असं करत रुग्ण दवाखाने पालथे घालतो.

अशा वेळी नर्व्ह बायॉप्सीला, म्हणजे नसेचा तुकडा काढून तपासण्याला, पर्याय मिळणं कठीण. कोपरामागची जाड झालेली नस बोटांना लागते, पण ती कापता येत नाही. पंजाची ताकद तिच्यावर असते. म्हणून मनगटाजवळची, फक्त संवेदना वाहणारी फांदी घेतात. पाय बाधित असेल तर घोट्यामागची सुरल नस. भूल तेवढ्या जागेपुरती. नस चिमट्यात दाबली किंवा ताणली गेली, तर आतली रचना चुरगळते आणि सगळा खटाटोप वाया जातो. फाइट-फराको रंग दिल्यावर निळ्या पार्श्वभूमीवर लालसर जंतू दिसले की निदान पक्कं.

अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या पीटर जेम्स डिक यांनी नसेतले तंतू एकेक सुटे करून तपासण्याची शिस्त घालून दिली. 1975 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वर्णन केलेला, नसांना दीर्घकाळ सूज आणणारा आजार आज सीआयडीपी म्हणून ओळखला जातो. नेमका तोच समजून कुष्ठरुग्णाला नुसती स्टिरॉइड्स दिली, तर जंतू तसाच राहतो.

मधुमेहाच्या साध्या मुंग्यांसाठी किंवा गुइलेन-बॅरे सिंड्रोमसाठी (जीबीएस) कुणी सरसकट नस काढू पाहत असेल, तर कारण जरूर विचारावं. तुकडा काढलेल्या जागी कायमची बधिरता राहते, काहींना दुखतही राहतं. शिवाय आजार नेमका त्या तुकड्यात नसला, तर अहवाल कोराही येतो. मात्र रक्तवाहिन्यांच्या दाहाने आज पाऊल, पुढच्या महिन्यात मनगट लुळं पडत असेल, तर जबर औषधं केवळ अंदाजावर सुरू करण्यापेक्षा हा छेद परवडला.

माझा आग्रह एवढाच की, जिल्हा रुग्णालयात काढलेला तुकडा, नसा वाचता येणाऱ्या पॅथॉलॉजिस्टपर्यंत नीट पोचवण्याची सोय सरकारने करावी. कुष्ठरोगावरच्या बहुऔषधी उपचाराच्या (एमडीटी) गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत आहेतच.