रिपोर्ट नॉर्मल, पण खुर्चीतून उठता येतं का?

ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा ७८ वर्षांचे होते आणि सांगलीच्या घरात एकटेच राहत होते. दर सहा महिन्यांनी रक्त, लघवी, ईसीजी अशा तपासण्या ते नेमानं करून घेत आणि फोनवर मला मोठ्या अभिमानानं सांगत, ‘अगं, साखर नाही, बीपी नाही. तुझ्यापेक्षा माझे रिपोर्ट चांगले आहेत!’

एका पहाटे तीनच्या सुमारास बाथरूममध्ये त्यांचा पाय घसरला आणि ते खाली बसले. पडले असंही म्हणता येणार नाही, कारण कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. पण त्यांना उठता येईना. कामवाल्या मावशींकडे घराची किल्ली होती. त्या साडेसहाला आल्या. तोवर साडेतीन तास अण्णा ओल्या फरशीवर बसून होते.

मी व्यवसायानं फिजिओथेरपिस्ट आहे. ज्येष्ठ नागरिक संघांच्या शिबिरांत मी शेकडो आजी-आजोबांना तपासलं आहे. पण स्वतःच्या वडिलांना खुर्चीवर बसवून ‘आता हात न टेकता उठा पाहू’ असं मी कधी म्हटलं नव्हतं. त्यामुळे आज जे सांगणार आहे, त्यात थोडा पश्चात्तापही आहे.

अण्णांचे रिपोर्ट खोटे नव्हते आणि डॉक्टरांचंही काही चुकलं नव्हतं. रिपोर्ट सांगतो, तो आजाराबद्दल. शरीराला रोजची कामं किती झेपतात, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची तपासणीही वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये वार्धक्यावर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. निरोगी वार्धक्य म्हणजे आजार नसणं, असं त्यात म्हटलेलं नाही. माणसाला ज्या गोष्टी महत्त्वाच्या वाटतात, त्या करता येण्याची क्षमता टिकणं म्हणजे निरोगी वार्धक्य. मधुमेह असलेल्या, पण रोज मंडईत जाऊन भाजी आणणाऱ्या आजी या व्याख्येत बसतात. आमचे ‘सगळं नॉर्मल’ असलेले अण्णा मात्र बसत नव्हते.

ही क्षमता कशी ओळखायची? अमेरिकेतले डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये सहा साध्या गोष्टींची यादी मांडली: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंगावरून किंवा खुर्चीतून उठणं-बसणं, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हातानं जेवणं. यातलं किती आपलं आपण करता येतं, ते पाहायचं. पुढे १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी आणखी आठ कामं सांगितली. फोन करणं, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं आणि पैशांचे व्यवहार. साधारणपणे आधी या दुसऱ्या यादीतली कामं सुटू लागतात, पहिल्या यादीतली नंतर.

पण घरात हे कुणाच्या लक्षात येत नाही. कारण माणूस मोठ्या युक्तीनं आपलं आयुष्य आखडतं घेतो. जिने चढवत नाहीत म्हणून देवळात जाणं बंद होतं आणि ‘हल्ली गर्दी फार असते’ असं सांगितलं जातं. खाली बसवत नाही म्हणून जेवायचा पाट जाऊन टेबल येतं. अण्णांनी वाचनालयात जाणं सोडलं, तेव्हा मला म्हणाले होते, ‘आता वाचायचा कंटाळा येतो.’ मी ते खरं मानलं. खरी अडचण वाचनालयाच्या दहा पायऱ्यांची होती. आपणही प्रेमापोटी ‘तुम्ही बसा, मी आणते’ असं म्हणत राहतो आणि उरलीसुरली हालचालही थांबवतो.

म्हणून मोजमाप हवं. त्यासाठी एक खुर्ची, एक घड्याळ आणि जवळ उभं राहणारं एक माणूस एवढं पुरतं.

पहिली चाचणी खुर्चीची. कॅलिफोर्नियातल्या रॉबर्टा रिकली आणि जेसी जोन्स यांनी ज्येष्ठांसाठी चाचण्यांचा जो संच तयार केला, त्यातली ही एक. सुमारे १७ इंच उंचीची, बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे घ्या. पूर्ण उभं राहायचं, पुन्हा बसायचं. ३० सेकंदांत किती वेळा उठता आलं, ते मोजा. हाताचा आधार घ्यावा लागला, तर गुण शून्य. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषांना किमान १२ आणि स्त्रियांना ११ वेळा जमायला हवं. ७५ ते ७९ वयात पुरुषांना ११ आणि स्त्रियांना १० वेळा. हे आकडे अमेरिकेतल्या ज्येष्ठांवरून ठरले आहेत, त्यामुळे ते दिशा दाखवण्यापुरतेच घ्यावेत. खरी तुलना आपली आपल्याशीच. सहा महिन्यांपूर्वी १३ होते आणि आज ९ आहेत, तर कुठेतरी घसरण सुरू आहे.

दुसरी चाचणी चालण्याची. खुर्चीपासून तीन मीटरवर, म्हणजे सुमारे दहा फुटांवर खडूनं रेघ ओढा. खुर्चीतून उठा, नेहमीच्या चालीनं रेघेपर्यंत जा, वळा, परत येऊन बसा. याला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पडण्याचा धोका वाढला आहे असं समजतात.

तिसरी चाचणी तोलाची. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकेल, असे पाय एका रेषेत ठेवून दहा सेकंद उभं राहता येतं का, ते पाहा. येत नसेल, तर तोल सांभाळण्याचे व्यायाम हवेत.

एक सूचना मात्र कळकळीची. छातीत दुखणं, चक्कर, वाढलेला रक्तदाब, नुकतंच झालेलं ऑपरेशन यातलं काही असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि एकट्यानं हे प्रयोग करू नका.

आपल्याकडेही अशी मोजमापं झाली आहेत. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. त्यात आजारांच्या प्रश्नांबरोबर हाताच्या पकडीची ताकद, तोल आणि चालण्याचा वेगही मोजला गेला.

आता अण्णांकडे येते. त्या घटनेनंतर मी सांगलीला गेले आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. ३० सेकंदांत सहा वेळा! ते वरमून म्हणाले, ‘वय झालं गं.’ तेव्हा मी त्यांना बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातला प्रयोग सांगितला. १९९० मध्ये तो प्रसिद्ध झाला. मारिया फियाटारोन या डॉक्टरबाईंनी नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांचे, वजन घेऊन करायचे व्यायाम करून घेतले. एकानं मध्येच सोडलं. बाकीच्या नऊ जणांच्या मांडीची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली. वयामुळे स्नायू झिजतात हे खरं, पण ते नव्वदीतही व्यायामाला दाद देतात.

आम्ही दोन्ही बाजूंनी सुरुवात केली. घरात बाथरूमच्या भिंतीला आडवा दांडा बसवला, कमोडची बैठक उंच केली, रात्री लहान दिवा ठेवला. आणि अण्णांना व्यायाम दिले. खुर्चीतून उठ-बस, ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीच्या आधारानं एका रेषेत चालणं. पासष्टीनंतर ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस आणि तोलाचे तीन दिवस करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते. चालणं आहेच, पण नुसत्या चालण्यानं हे भागत नाही. जमिनीवरून उठण्याची रीतही शिकवली: आधी कुशीवर वळायचं, मग हात-गुडघे टेकायचे, मग स्टुलाला धरून एक पाय पुढे घ्यायचा.

अण्णा आता ८२ वर्षांचे आहेत. दर महिन्याच्या एक तारखेला शेजारच्या मुलाला घड्याळ धरायला बसवतात आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. गेल्या महिन्याचा आकडा ११ आहे. त्यांच्या वयाला १० पुरे. वाचनालयाच्या पायऱ्या ते कठडा धरून चढतात. रिपोर्टबद्दल मात्र आता मला फारसं सांगत नाहीत.

आज रविवार आहे. चहा झाला की घरातल्या मोठ्यांना खुर्चीवर बसवा आणि मोजा. आई-वडील गावी असतील, तर पुढच्या भेटीत मोजा. फोनवर ‘तब्येत कशी आहे?’ असं विचारलं, तर उत्तर ‘बरी आहे’ असंच येतं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)