भाता सुटलेला डावा हात

महाड-पोलादपूरकडच्या भजनात पेटीवाल्याच्या डाव्या हाताकडे कोणी बघत नाही. तो भाता मारत असतो. सूर उजव्याचे, वारा डाव्याचा. असा माणूस पहिल्यांदा इलेक्ट्रॉनिक कीबोर्डसमोर बसला की डावा हात सवयीने मागे भाता शोधतो आणि शेवटी मांडीवर जाऊन पडतो. गंमत म्हणजे या यंत्राने सगळ्यात मोठा अधिकार त्या बिनकामाच्या हातालाच दिलेला आहे.

हळदीच्या मांडवात किंवा भीमगीतांच्या मंचावर कीबोर्डवाला एकटाच ढोलकी, बास, गिटार वाजवतोय असं वाटतं. खरं तर ती साथ आधीच यंत्रात भरून ठेवलेली असते. यामाहाच्या कीबोर्डात तिचे तुकडे सहसा एकाच कॉर्डमध्ये, सी मेजर सेव्हन्थमध्ये, बांधलेले असतात. डावा हात कॉर्ड दाबतो तो आवाजासाठी नव्हे, हुकूम म्हणून. हुकूम मिळाला की यंत्र बासचा, गिटारचा प्रत्येक सूर त्या कॉर्डला जुळेल असा सरकवून घेतं.

यंत्राला कॉर्ड कळते कशी? ते बारा सुरांची हजेरी घेतं. सप्तक कोणतं हे सोडून द्यायचं. बारांपैकी कोण हजर, कोण गैरहजर, एवढंच बघायचं आणि तो नमुना ओळखीच्या नमुन्यांवर फिरवून ताडायचा. म्हणून सा-ग-प दाबा, ग-प-सा दाबा की प-सा-ग, उत्तर एकच. घोटाळा होतो तो सा-ग-प-ध दाबल्यावर. ही षड्जाची सिक्स्थ कॉर्ड, की धैवताची मायनर सेव्हन्थ? दोन्हींचे सूर तेच. सा, शुद्ध ग, कोमल ध या ऑगमेंटेडमध्ये तर तिन्ही सुरांत सारखंच, चार-चार पट्ट्यांचं अंतर. तिघांपैकी कोणीही मूळ सूर ठरू शकतो. अशा वेळी कीबोर्ड साधारणपणे सगळ्यात खालच्या पट्टीचं ऐकतो.

नवशिक्यांसाठी एका बोटाची सोय असते, पण कंपनीगणिक नियम वेगळे. यामाहावर एक पट्टी म्हणजे मेजर. तिच्यासोबत डावीकडची जवळची काळी दाबली की मायनर, पांढरी दाबली की सेव्हन्थ. कॅसिओवर मूळ सुराच्या उजवीकडची कोणतीही एक जास्तीची पट्टी म्हणजे मायनर, दोन म्हणजे सेव्हन्थ. यामाहावर हात बसलेला मुलगा उसन्या कॅसिओवर 'सा मायनर' म्हणून पांढरी एकचा सा आणि त्याच्या डावीकडची काळी पाच दाबतो. कॅसिओ खालची पट्टी मूळ धरून त्याला कोमल निषादाची मायनर देतो. गाणारा वळून बघतो.

खरी परीक्षा मात्र रागाशी गाठ पडते तेव्हा. आपल्या गाण्यात कॉर्ड नव्हती, पेटीवाल्याला तिची गरजही नव्हती. मेजर कॉर्डमध्ये शुद्ध गंधार असतो. गाणारा काफीतला कोमल गंधार लावतोय आणि डावा हात मेजरवर बसलाय, तर मध्य सप्तकातल्या पांढरी एकच्या षड्जावर ३३० आणि ३११ हर्ट्झच्या आसपासचे दोन गंधार एकमेकांना भिडतात. सेकंदाला साधारण १८ हेलकावे. कानाला तो खरखरीतपणा लगेच कळतो, मग त्याचं नाव माहीत असो वा नसो.

मालकंस तर फारच चिवट. त्यात पंचम नाही. सा मायनर दाबली की साथीतून पंचम हमखास डोकावणार. मग काय दाबायचं? मध्यमाची मायनर: म, कोमल ध, सा. तिन्ही सूर मालकंसातलेच. तरी मला ती पूर्ण पटत नाही. बास सारखा मध्यमावर आदळला की कानाला मध्यमच षड्ज वाटू लागतो आणि गाणाऱ्याचा सा पोरका होतो.

पंचम चालणाऱ्या रागांत भजनाला यापेक्षा सोपा मार्ग आहे. एका बोटाची सोय बंद करून यामाहावर नुसते सा आणि प दाबायचे. ही जोडीही एक कॉर्ड म्हणून ओळखली जाते. मूळ सूर आणि पाचवा, बस्स. गंधारच नसल्यामुळे गाणाऱ्याने शुद्ध लावला काय किंवा कोमल, साथ आड येत नाही. तंबोऱ्याच्या तारा हेच करतात. म्हणून तर मालकंसाला त्यातली पंचमाची तार उतरवून मध्यमावर आणतात.

बहुतेक कीबोर्डांवर बोटं उचलली तरी शेवटची कॉर्ड चालूच राहते, त्यामुळे डाव्या हाताने दाबून धरण्याचं कारण नाही. पट्ट्या समेच्या किंचित आधी दाबाव्यात. सम आल्यावर हलणाऱ्या हाताला यंत्र पहिल्या ठोक्यावर जुनीच कॉर्ड ऐकवतं. भाता मारणाऱ्या हाताला हे शिकवायला वेळ लागतो. त्याने वाऱ्याचा अंदाज घेतला होता, वेळेचा नव्हे.